अकराव्या मानाचा बैल

मागच्या महिन्यात दिवाळी अंकाचे दोघं जण घरी आले. ओट्यावर बसले, पाणी पिले आणि म्हणाले, बाबा, निझामाच्या काळात आपल्या भागात ढोरांचा एक डॉक्टर होता, त्याच्या आठवणी लिहून द्या. त्याला जवळून पाहिलेले आता तुम्हीच राहिले. मी विचारलं, आणि मला जवळून पाहिलेले किती राहिले? दोघं हसले. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करून राहिला. मी गंमत केली नव्हती.

तो डॉक्टर आमच्या भागात होता नऊ वर्षं. मी ढोरवैद्य होतो चाळीस वर्षं. त्याच्या आठवणी छापायला लोक घर शोधत येतात. म्हणून मी ठरवलं की आधी माझ्या कामाचं लिहीन, मग त्याचं. माझी शाळा मराठी दुसरीपर्यंत. अंकवाल्यांनी काना-मात्रा बघावी, पण माझं म्हणणं मोडू नये.

आमचं घराणं मेंढरं-शेळ्यांचं. गाव डोंगरकड्यापासून दोन कोसावर. बापाच्या हाताला गुण होता, तो माझ्या हातात आला. ढोरवैद्याचं काम शहरातल्या माणसाला कळत नाही म्हणून थोडं सांगतो. बैलाचा खांदा उतरला तर तो बसवायचा. कोवळी ज्वारी खाऊन गाय फुगली तर डाव्या अंगाला शेवटची फासळी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या खळग्यात टोकदार नळी घालून हवा काढायची. चार बोटं पुढं गेलं की गाय मेली, चार बोटं मागं गेलं तरी मेली. वासरू पोटात आडवं आलं तर तेल लावून खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि डोळे मिटून ते फिरवायचं. डोळे मिटायचे, कारण बघण्यासारखं काही नसतं. सगळं बोटांना कळतं.

या कामाचा मोबदला घ्यायचा नाही. नारळ-सुपारी आणि एक वेळचं जेवण, बस. मोबदला घेतला की हाताचा गुण जातो असं आमच्यात मानतात. वीस गावांत मला बोलावणं असायचं. बाया पदर सावरून बाजूला व्हायच्या, पाटील स्वतः घोंगडी अंथरून "बसा पुंजाजी" म्हणायचा. ढोर वाचलं तर माझ्या हाताचा गुण. मेलं तर कोणीतरी पथ्य मोडलेलं असायचं. दावं ओलांडलं, नाही तर अमावस्येला पेंड चारली, काही ना काही निघायचंच. आज लिहिताना हे मला नीट दिसतं. चाळीस वर्षांत एकही ढोर माझ्या हातून मेलं नाही, सगळी लोकांच्या हातून मेली.

मग तालुक्याला ढोरांचा दवाखाना निघाला आणि हा डॉक्टर आला. हैदराबादकडचा, पंचविशीचा, किडकिडीत, चष्मा लावणारा. बोली दखनी, मराठी मोडकी. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आगंमागंची गोष्ट.

पहिल्यांदा तो आमच्या गावात आला तेव्हा पाटलाची म्हैस अडलेली होती. वासराची मान मागं वळलेली. डॉक्टरनं अंगरखा काढला, साबण लावून हात आत घातला, घामानं निथळला, वासरू काही फिरेना. पाटलानं मला बोलावणं धाडलं. मी गेलो, हात घातला, खालच्या जबड्यात दोन बोटं अडकवली आणि मान सरळ करून वासरू बाहेर घेतलं. जिवंत. सगळं गाव बघत होतं. डॉक्टर सगळ्यांच्या समोर म्हणाला, "पुंजाजी, मेरेकू ये नै आता. तुम सिखाव."

लोक हसले. मी तर आठ दिवस हसत होतो. ज्या गावाला जाईन तिथं सांगायचो की सरकारनं डॉक्टर धाडला, तो म्हणतो मला येत नाही. पण तो खरंच शिकायला आला. एकदा नाही, तीन-चारदा आला, माझ्यासोबत गोठ्यात बसला, बोटं कुठं अडकवायची ते विचारून वहीत लिहून घेतलं. मी सांगितलं, कारण कोणी विचारलं की सांगायला मला आवडतं. पण ती वही उघडली की मी दुसरीकडं तोंड करायचो. माझ्या बापानं मला जे दिलं ते त्याच्या शाईत जाऊन राहिलं होतं.

दुसरी गोष्ट खुर्चीची. पाटलाच्या घरात एकच खुर्ची होती. ती त्यानं डॉक्टरसाठी ओट्यावर आणून ठेवली. वीस वर्षं मी त्या ओट्यावर घोंगडीवर बसलो होतो आणि मला त्यात मान वाटायचा. खुर्ची आली त्या दिवसापासून घोंगडी खाली वाटायला लागली. डॉक्टर खुर्चीत बसला नाही, माझ्याजवळ घोंगडीवरच येऊन बसला. याचा मला जास्तच राग आला.

पुढच्या साली उन्हाळ्याच्या तोंडी बुळकांडी आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ढोराला आधी ताप, मग डोळ्या-नाकातून पाणी, तोंडात फोड, मग पाण्यासारखी ढाळ, आणि आठ दिवसांत ढोर आडवं. एक पडलं की गोठा जातो, गोठा गेला की आळी. यावर माझ्याकडं औषध नव्हतं, माझ्या बापाकडं नव्हतं, कोणाकडंच नव्हतं. आसपासच्या दोन गावांत ढोरं पडायला लागली तसा डॉक्टर बर्फाचा डबा घेऊन आमच्या गावात आला. डब्यात लशीच्या बाटल्या. आजार यायच्या आधी टोचलं तर ढोर वाचतं, म्हणाला.

चावडीवर सगळे जमले, पाटलानं ती खुर्चीही तिथं आणवली होती. डॉक्टर बोलत होता आणि लोक माझ्याकडं बघत होते. कोणीतरी विचारलं, सगळीच वाचतील का? डॉक्टर म्हणाला, "सब नै. थोडे को ताप आयेगा. गाभन गाय को मैं नै टोचता. बाकी का जो है, खुदा जाने, मेरेकू नै मालूम." मी होतो तिथूनच बोललो, ज्याला स्वतःलाच ठाऊक न्हाई त्याच्या सुईखाली लेकरासारखी ढोरं काहून द्यायची. बैलाची मान सुजंल, गाभ पडतील, ऐन पेरणीला बैल बसतील. यातलं मला काही माहीत नव्हतं. मी ते त्या खुर्चीकडं बघून बोललो.

रुखमाबाई संध्याकाळी माझ्या घरी आली. हिचा नवरा पान लागून, म्हणजे साप चावून, गेलेला, पदरात एक पोरगी आणि दावणीला एक बैलजोडी. त्या जोडीवर तिचं दहा एकर चालायचं. दारातच उभी राहून म्हणाली, "दादा, तुमी म्हणाल तर टोचते, न्हाई तर न्हाई." मी म्हणालो, नको. ती गेली. गावात कोणीच टोचलं नाही. डॉक्टर बर्फ वितळायच्या आत दुसऱ्या गावाला निघून गेला.

मग आम्ही गाव बांधलं. गाव बांधायचं म्हणजे वेशीत अंबाडीचा दोर ताणायचा, त्याला कडुलिंबाचे डहाळे आणि बिबे बांधायचे आणि गावातलं एकेक ढोर त्याच्या खालून काढायचं. त्या दिवशी बाहेरचा माणूस आत येत नाही, आतला बाहेर जात नाही, दळण नाही, आणि शेवटचं ढोर निघेपर्यंत कोणाच्या घरात चूल पेटत नाही. ढोरं निघतात मानानं. पोळ्याला जसा मान तसाच. पहिला पाटलाचा, मग त्याच्या भाऊबंदांचा, असं करत तीस घरं. वैद्याचा मान अकरावा. रुखमाबाई विधवा म्हणून शेवटची.

वैद्यानं या दोराच्या तोरणाजवळ उभं राहायचं. शेजारी हळदीच्या पाण्याची घागर, हातात लिंबाची डहाळी. ढोर आलं की डहाळी घागरीत बुडवायची आणि त्याच्या नाका-तोंडावरून फिरवायची. माझ्या बापानं हेच केलं, मी हेच केलं. एक डहाळी, एक घागर, तीस घरं.

माझ्याकडं पंधरा दिवसांपूर्वी बाजारातून घेतलेला एक बैल होता. त्याच्या डोळ्यातून पाणी येत होतं. मला दिसलं होतं. रस्त्याची धूळ गेली असंल, असं मी मनाला सांगितलं. आणि मनाच्या आत हेही होतं की वैद्याचा बैल आजारी म्हणून मागं ठेवला तर लोक काय म्हणतील. अकरावा मान आला. मी माझ्या हातानं त्याचं नाक पुसलं, डहाळी घागरीत बुडवली आणि बाराव्याच्या बैलाला लावली.

माझा बैल पहिला मेला. गाव म्हणालं, पुंजाजीनं गावाची पीडा आपल्या बैलावर घेतली. मी ते म्हणू दिलं. त्यानंतर बाराव्या घरापासून सुरू झालं.

त्यातच रुखमाबाईचे दोन्ही बैल दोन दिवसांच्या अंतरानं गेले. बैल ओढून नेल्यावर ती आली आणि माझ्या ओट्याच्या खाली मातीत बसली. रडत म्हणाली, "दादा, माझ्याच हातून झालं. त्या दिवशी पोरगी तापानं फणफणली व्हती, तिला पेज द्यायला मी चूल पेटवली. बांधलेलं गाव मी सोडलं." तिच्या चुलीचा धूर मला ठाऊक नव्हता, तिनंच सांगितला. मी म्हणालो, "मग कसं व्हईल, बाई."

एवढंच म्हणालो. रागावलो नाही, शिव्या दिल्या नाहीत. उलट तिच्या डोक्यावर हात ठेवला. गावात ती गोष्ट पसरली आणि उरलेल्या घरांनाही कारण मिळालं.

डॉक्टर परत आला तेव्हा तीन आळ्या रिकाम्या झाल्या होत्या. उरलेली ढोरं त्यानं टोचली, आता कोणी नाही म्हणालं नाही. दुपारी मला चावडीमागच्या बाभळीखाली घेऊन बसला. वही काढली. म्हणाला, पहिल्यांदा कोणाची ढोरं पडली, कोणाची वाचली ते सांगा. मी सांगितलं. त्याला काही धागा लागेना. पाणवठा एक, रान एक, गोठे शेजारी-शेजारी. पाटलाच्या भावाची सगळी ढोरं वाचली आणि भिंतीपलीकडच्याची सगळी गेली. मग त्यानं विचारलं, तोरणाखालून ढोरं कशी निघाली, "किसके बाद किसका?"

आमच्या गावात हे लहान लेकरालाही पाठ असतं. मी पहिल्या मानापासून सांगत गेलो, तो एकाखाली एक लिहीत गेला आणि मेलं त्याच्यापुढं फुली मारत गेला. पहिल्या दहा घरांपुढं एक फुली नाही. त्याच्या खाली फुल्याच फुल्या, मधे दोन-चार घरं सुटलेली. डहाळी कशी फिरवली तेही त्यानं विचारून घेतलं होतं. पेन्शील कागदावर टेकवून तो थांबला.

"ग्यारवां किसका?"

बाभळीत होले घुमत होते. मी म्हणालो, "माझा."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मग ते पान फाडलं आणि घडी घालून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "गाववालों को तुम बोलना, पुंजाजी. मैं नै बोलूंगा. तुमारे मुंह से सुनेंगे तो डहाळी छोड देंगे." दोर ठेवा, बाहेरचा माणूस आत न घेणं तर फारच चांगलं, म्हणाला. फक्त ती एक डहाळी सोडा.

डहाळी मी सोडली. पुढच्या वर्षी गाव बांधलं तेव्हा पाणी लांबून शिंपडलं आणि लोकांना सांगितलं की मला तसा दृष्टान्त झाला. ते पान मी चुलीत घातलं.

त्याच वर्षीची गोष्ट. डॉक्टर लस घेऊन आला. अर्धं गाव आलं, अर्धं घरी राहिलं. मी या वेळी आडवा आलो नाही. पाटलाची एक चांगली दुभती गाय होती. डॉक्टरनं विचारलं, गाभण आहे का? गडी म्हणाला, खाली हाय साहेब, गाभ न्हाई. डॉक्टरनं टोचलं. गाय दोन महिन्यांची गाभण निघाली. गाभ पडला, ताप चढला, सहाव्या दिवशी गाय मेली. मला कळलं तेव्हा खरं सांगतो, मी जेवलो ते दोन भाकरी जास्तीच्या जेवलो. म्हणालो, आता बघू खुर्ची कोण देतो.

डॉक्टरला निरोप गेला, तो घोड्यावर आला. सरळ चावडीत आला. गडी कोपऱ्यात अंग चोरून उभा होता, कारण खाली हाय हे त्यानंच सांगितलं होतं. डॉक्टरनं एक शब्द टाकला असता तर सुटला असता. मी त्याच शब्दाची वाट बघत होतो. मी त्याच्या जागी असतो तर तो टाकलाच असता, रुखमाबाईवर टाकलाही होता. डॉक्टरनं गड्याकडं बघितलंही नाही. म्हणाला, "गाय मेरे सुई से मरी. हाथ डालके देखना था, मैं नै देख्या. गलती मेरी."

पाटील आधी लाल झाला, मग कसनुसा झाला. कोंडिबा नावाचा आमच्यातलाच म्हातारा मेंढका भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "पाटील, हा माणूस आपली चूक आपल्या तोंडानं सांगून राहिला. मंग बाकीचं बी खरंच सांगत असंल. माझ्या शेळ्यांना काही टोचायचं असंल तं टोचा म्हणा."

त्या दिवशी घरी राहिलेलं अर्धं गाव आलं. गाय मारून माणूस गाव कमावून गेला. मी चाळीस वर्षं एकही ढोर माझ्या हातून मरू दिलं नाही आणि माझ्याकडं लोक यायचे ते सवयीनं. त्याच्याकडं यायचे ते भरवशानं. फरक मला बराबर कळत होता. रात्रंदिवस कळत होता. बाया त्याला भाकरी बांधून द्यायला लागल्या. अडलेली म्हैस असली तरी लोक म्हणायचे डॉक्टरला सांगा, आणि तो म्हणायचा, पुंजाजीला बोलवा, हे काम त्याचं. म्हणजे माझं काम आता मला त्याच्या हातून मिळायला लागलं.

वर्षं गेली. तो गावात यायचा, माझ्या ओट्यावर बसायचा, लेकराबाळांची खुशाली विचारायचा. त्या पानाबद्दल एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

रुखमाबाईनं मात्र त्यानंतर ढोर ठेवलं नाही. वखराला, पेरणीला दुसऱ्याचे बैल मागायची, त्यांचं झाल्यावर, त्यामुळं तिची पेरणी कायम उशिरा. लोक म्हणायचे बाई, एखादं गोऱ्हं तरी घे. ती म्हणायची, माझ्या दावणीला लाभत न्हाई. निझामाचं राज्य गेलं त्या साली दिवाळीनंतर तिचा भाऊ माहेराहून दोन चांगली गोऱ्ही घेऊन आला. बहिणीला दिली, कासरे तिच्या हातात दिले. तिनं ती दारातूनच परत फिरवली. माझ्या घरावरून तो भाऊ गोऱ्ही घेऊन चालला होता. मी विचारलं, काहून परत? तो म्हणाला, "आक्का म्हणते, माझ्या चुलीनं दोन बैल खाल्ले, आता हे न्हाई खाऊ देत."

मी त्याला म्हणालो, इथंच थांब. आणि वहाणा न घालताच निघालो.

रुखमाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. मी बसलो आणि सगळं सांगितलं. बैलाच्या डोळ्यातलं पाणी, घागर, डहाळी, फुल्या, अकरावा मान. तुझ्या चुलीचा यात काही संबंध नाही, म्हणालो. तू पेटवली नसती तरी तुझे बैल गेलेच असते, कारण तू सगळ्यांच्या शेवटी उभी होतीस आणि डहाळी माझ्या हातात होती. मला ते तुझे बैल गेल्यावर आठ दिवसांत कळलं होतं आणि मी तुला आठ वर्षं सांगितलं नाही.

तिचं सूप हातातच राहिलं. ती ओरडंल, सूप फेकून मारंल, असं मला वाटत होतं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "हे शोधलं कोणी? तुमी?"

त्या घडीला डॉक्टरची बदली होऊन चार महिने झाले होते. मी व्हय म्हणालो असतो तर कोण विचारणार होतं. जीभ तिकडंच वळत होती. मी म्हणालो, "न्हाई. डॉक्टरनं."

"मंग त्यानं गावात काहून न्हाई सांगितलं?"

"माझ्यासाठी न्हाई सांगितलं. म्हणाला, पुंजाजीनंच सांगावं."

"आन् इतकी वर्षं येत व्हता, जात व्हता, तुमच्या ओट्यावर बसत व्हता, तरी कोणापाशी बोलला न्हाई?"

"न्हाई बोलला."

रुखमाबाईनं सूप खाली ठेवलं, पदरानं डोळे पुसले आणि रस्त्याकडं बघत म्हणाली, "लई मोठ्या मनाचा माणूस व्हता, दादा."

मी जन्मात पहिल्यांदा माझी चूक माझ्या तोंडानं सांगून तिच्यासमोर बसलो होतो, आणि बाई कौतुक करून राहिली होती त्याचं.

मी म्हणालो, "व्हय, व्हता." आणि तिचा भाऊ गोऱ्ही घेऊन माझ्या दारात उभा होता, त्याला बोलवायला उठलो.